सकाळची गोळी

चारठाणा, सोमवार, 20 मे 2024

पाहुणा आला की पाण्याचा तांब्या खाली ठेवता ठेवता विचारतो, "बाई, एवढ्या उन्हाचं कूलर का नाही लावलं?" परभणी जिल्ह्यातला मे, पारा चाळिशीच्या पुढे, आणि आमच्याकडे नुसता पंखा. मग पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. मी न कंटाळता सांगते, कारण विचारणाऱ्याच्या घरी कूलर असतोच.

माझ्या आजाराचं नाव लांबलचक आहे : हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. बुरशीचे कण, पारव्यांच्या विष्ठेची धूळ, भिजून कुबटलेल्या कडब्याचा भुगा, असलं काहीबाही वर्षानुवर्षं श्वासावाटे आत जात राहतं. बहुतेकांचं त्यानं काही बिघडत नाही. काहींचं शरीर मात्र त्या कणांवर इतक्या त्वेषानं उठतं की त्यात फुफ्फुसच सुजतं, आणि सूज जुनी झाली की वण धरतात. वण धरलेलं फुफ्फुस पुन्हा मऊ होत नाही. संभाजीनगरच्या छातीच्या डॉक्टरांनी पाठीला नळी लावायच्या आधी माझी उलटतपासणीच घेतली. घर कसलं? माळवदाचं. पारवे? वळचणीला, पिढ्यान्‌पिढ्या. गोठा? भिंतीला लागून. कूलर? आहे, गवताचा. गवत कधी बदलता? फाटलं की.

कूलरच्या त्या गवताचं आपल्याकडे काय होतं ते प्रत्येकाला ठाऊक आहे. पाऊस सुरू झाला की कूलर कोपऱ्यात ढकलायचा. ओलं गवत जागच्या जागी वाळतं, त्यावर बुरशी धरते, आणि पुढच्या होळीनंतर त्यावरच पाणी सोडून बटण दाबायचं. पहिले दोन दिवस खोलीत भरून राहणारा वास म्हणजे तीच बुरशी. देशभरातल्या रुग्णालयांनी मिळून अशा फुफ्फुसरोगांच्या 1084 रुग्णांची नोंद केली, ती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. जवळजवळ निम्म्यांना माझाच आजार निघाला, आणि त्यांतल्याही जवळजवळ निम्म्यांचा कूलरशी संबंध होता.

आमचा कूलर गेला. वळचणीला जाळी ठोकली, पारवे गेले. कारण घराबाहेर काढणं हा निम्मा इलाज. उरलेला निम्मा म्हणजे सकाळी काहीतरी खाऊन घ्यायची एक लहानशी गोळी, प्रेडनिसोलोन. चाळीस मिलिग्रॅमपासून सुरुवात झाली होती, उतरत उतरत आता दहावर आहे. दहा गोळ्यांची पट्टी वीस रुपयांच्या आत येते. माझ्या सगळ्या औषधांत स्वस्त हीच, आणि सर्वांत जपून वापरायचीही हीच.

शुक्रवार, 7 जून

मृग लागला. सेलूकडच्या वाडीवरून आमच्या दमेकरी अक्काचा फोन. "माय, परभणीहून गाडीचं बघ बरं. हैद्राबादला जावं म्हणते, मासोळी घ्यायला."

दरवर्षी मृगाच्या तोंडावर आमच्या भागातून दमेकऱ्यांचे जथे निघतात. हैदराबादच्या नामपल्ली मैदानावर बत्तिनी गौड कुटुंबातली माणसं जिवंत मरळाच्या पिल्लाच्या तोंडात पिवळं औषध घालून ते रुग्णाला गिळायला देतात. पैसे घेत नाहीत. आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, मोठं दुखणं झालं की बापजादे हैदराबादचीच वाट धरत. ती सवय अजून गेली नाही. त्या मासोळीचा गुण कुठल्याही शास्त्रीय तपासणीत सिद्ध झालेला नाही, हे मी अक्काला सांगितलं. पण रात्र रात्र उशीला टेकून बसून काढणारं माणूस जिथं आशा दिसेल तिथं जाणार. त्या गर्दीतल्या एकालाही नावं ठेवायची माझी तयारी नाही.

फोन ठेवता ठेवता अक्का म्हणाली, "तवर पुडी हाय माझी. रोज सकाळी पान्यासंगं घेतली की दुपारपोतर छाती मोकळी व्हती बघ." कसली पुडी? बाजाराच्या दिवशी एक जण देतो. जडीबुटीची.

जडीबुटीनं अर्ध्या दिवसात छाती मोकळी होत नाही. पुडी घेऊनच ये म्हटलं, तर "बघू" म्हणाली.

बुधवार, 10 जुलै

सकाळी सव्वासात. गोळी तळहातावर होती आणि मांडणीवरची भांडी खणखणायला लागली. भूकंप. किल्लारीची आठवण असलेल्या पिढीला दुसऱ्या कोणी सांगावं लागत नाही. सगळे अंगणात पळाले. मला पळवत नाही. सुनेनं दंडाला धरून बाहेर आणलं तोवर थांबलंही होतं. नंतर कळलं, केंद्र हिंगोली जिल्ह्यात, तीव्रता 4.5.

अंगणात जमलेल्या बाया माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, तब्येत चांगली सुधारली की!" सुधारलेली नाही. चेहरा भरला आहे तो गोळीनं. गाल गोल, मानेमागे मांसाची गादी, आणि हातपाय मात्र बारीक. जिन्याची पहिली पायरी चढताना मांड्यांत जोर नसतो. मनगटावरची कातडी इतकी पातळ झाली आहे की गेल्या महिन्यात कासारणीनं बांगड्या भरल्या, तर हात कुठं खरचटला नाही, तरी आतून जांभळे डाग उमटले आणि दोन आठवडे राहिले. दिव्याभोवती वलयं दिसतात. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू धरतोय, हाही गोळीचाच.

आणि भूक. जेवून उठल्यावर तासाभरात पुन्हा डबे उघडावेसे वाटतात. साखरेचं तर निराळंच. सकाळी उपाशीपोटी तपासली तर ठीक येते, आणि दुपारी जेवल्यावर अडीचशेच्या घरात. सकाळची गोळी दुपारी-संध्याकाळी साखर चढवते. नुसती उपाशीपोटीची तपासणी करून "शुगर नाही" असं समजून बसणारी कितीतरी माणसं असतील. म्हणून मी दुपारचीच तपासते.

सोमवार, 2 सप्टेंबर

कालपासून पाऊस उघडलेला नाही. परभणी, हिंगोली, नांदेड, सगळीकडे अतिवृष्टीच्या बातम्या. आज पोळा, आणि बैलांना झूल घालावी म्हटलं तर झूलच ओली. नैवेद्य गोठ्यातच दाखवला.

मला रात्री ताप भरला. बोटाला ऑक्सिमीटर लावला, 89. एरवी बसल्या जागी 94 असतो. डॉक्टरांनी अशा दिवसासाठीचा कागद लिहून दिलेला आहे, तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असतो : ताप आला तर सकाळची गोळी दुप्पट, आणि लगेच फोन. उलटी होऊन गोळी पोटात टिकली नाही तर ताबडतोब दवाखाना, तिथं इंजेक्शननं स्टेरॉइड द्यायला सांगायचं. 88 च्या खाली गेला तर कशाचीही वाट पाहायची नाही. फोन लागला, प्रतिजैविक सुरू झालं. वीज पहाटेच गेली होती आणि ऑक्सिजनचं यंत्र विजेशिवाय गप्प. मुलानं इन्व्हर्टरवरचे पंखे, दिवे सगळे बंद करून तेवढं एक यंत्र चालू ठेवलं. ओल्या कपड्यांच्या दोऱ्या माझ्या खोलीतून हलवल्या, कारण घरातली ओल म्हणजे पुन्हा बुरशी.

दुपारी आशाताई रेनकोट घालून आली. माझ्याच वर्गात शिकलेली पोर. विचारू लागली, "बाई, आजारात एवढं कडक औषध वाढवायचं की कमी करायचं?" तिला नीट समजावं म्हणून वहीवर चित्र काढून दाखवलं. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपी घातल्यासारखी एकेक लहान ग्रंथी असते. रोज पहाटे ती कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य करते, त्याच्या जोरावर माणूस उठतो, रक्तदाब टिकतो. ताप, अपघात, शस्त्रक्रिया असलं संकट आलं की ती एरवीच्या कितीतरी पट जास्त करते. बाहेरून महिनोन्‌महिने गोळी मिळत राहिली की ती ग्रंथी आपलं काम सोडून देते. मग संकटाच्या दिवशी जास्तीचं द्रव्य आणायचं कुठून? गोळीतूनच. आणि अशा माणसानं गोळी एकाएकी टाकून दिली तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, शुद्ध हरपते, वेळेवर उपचार मिळाला नाही तर माणूस जातो. ग्रंथीला पुन्हा कामाला लावायचं तर गोळी आठवड्या-महिन्यांच्या हिशेबानं थोडी थोडी उतरवावी लागते, आणि तरीही ती जागी होईलच असं नाही.

पोरीनं सगळं वहीत उतरवून घेतलं. म्हणाली, "बाई, माझ्या यादीत अशी सात-आठ माणसं आहेत. बरं वाटलं की गोळी सोडतात."

मंगळवार, 17 सप्टेंबर

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी. सकाळी झेंडावंदनाला गेले, शेवटच्या खुर्चीवर बसले. ताप गेला, गोळी पुन्हा दहावर आली.

17 सप्टेंबर 1948 ही तारीख मी नोकरीभर फळ्यावर लिहिली. निजामाचं सैन्य शरण आलं, आपण भारतात आलो. हा आजार जडल्यावर वाचता वाचता दुसरी तारीख सापडली, तेव्हापासून या दोन्ही मनात जोडीनं येतात. त्यानंतर चौथ्या दिवशी, 21 सप्टेंबर 1948 ला, अमेरिकेत रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवातानं जखडलेल्या 29 वर्षांच्या एका बाईला एका नव्या द्रव्याचं इंजेक्शन दिलं गेलं. तिला धड उठता येत नव्हतं. काही दिवसांतच ती चालत बाजारात जाऊन आली. त्या द्रव्याचं नाव पुढे कॉर्टिसोन पडलं. तेव्हा ते बैलांच्या पित्तापासून तीसहून अधिक पायऱ्यांच्या रासायनिक खटाटोपानं बनवावं लागे, म्हणून ग्रॅमग्रॅमला महाग. फिलिप हेंच आणि एडवर्ड केंडॉल यांना स्वित्झर्लंडच्या टाडेउश राइखश्टाइन यांच्यासह 1950 चं नोबेल मिळालं. ते पहिलं इंजेक्शन आणि नोबेल यांत दोनच वर्षांचं अंतर, इतका तो परिणाम डोळे दिपवणारा होता. पण सुजलेले चेहरे, बिघडलेली मनं, ठिसूळ हाडंही त्याच काळात दिसू लागली. हेंच यांनी सुरुवातीपासून बजावलं होतं की हा रोग बरा करणारा उपाय नव्हे. माझ्या गोळीचा जन्म त्यानंतरचा, 1955 च्या सुमाराचा.

या औषधाच्या दोन्ही बाजू आपण कोरोनात एका वर्षाच्या आत पाहिल्या. जून 2020 मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीनं दाखवलं की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड रोज फक्त 6 मिलिग्रॅम दिलं तर व्हेंटिलेटरवरचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी होतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काहीच फायदा नव्हता. 2021 च्या लाटेत आपल्याकडे ताप आला की स्टेरॉइड, भरमसाट आणि साखर न तपासता. मग काळी बुरशी आली. डोळा काढलेली, वरचा जबडा काढलेली माणसं आजही गावोगावी आहेत. औषध तेच होतं. कोणाला, किती आणि किती दिवस, हे बघितलं गेलं नाही.

शनिवार, 12 ऑक्टोबर

दसरा. घरात आपट्याची पानं आली आणि दारं-खिडक्या मात्र बंद. चौफेर सोयाबीनची मळणी चालू आहे. मळणीयंत्राच्या तोंडातून उडणारी ती पिवळट धूळ पदर नाकाला लावून अडत नाही. बाया दिवसभर त्यात उभ्या, आणि रात्री सगळ्या खोकतात.

स्पेनमधल्या बार्सिलोना शहराची हकिगत मी भेटेल त्याला सांगते. 1980 च्या दशकात तिथं काही विशिष्ट दिवशी एकाएकी दम्याच्या रुग्णांनी दवाखाने भरून जात. कारण कळेना. संशोधकांनी त्या दिवसांचा माग काढत बंदर गाठलं : ज्या दिवशी जहाजातून सोयाबीन उतरायचं त्याच दिवशी हे व्हायचं. सोयाबीनच्या टरफलाची धूळ कोठारातून वाऱ्यावर शहरात जात होती. कोठाराला गाळण्या बसवल्या आणि त्या साथी थांबल्या. बंदरापासून दूर राहणाऱ्या शहरातल्या माणसांची ही गत, तर यंत्राच्या तोंडाशी उभ्या असणाऱ्या आमच्या बायांचं काय? शेतमालकानं प्रत्येक मजूर बाईला चांगला मास्क द्यावा आणि यंत्र वाऱ्याची दिशा पाहून लावावं, एवढं तरी व्हावंच. अक्काही आज मळणीवर आहे.

मंगळवार, 5 नोव्हेंबर

भाऊबीज उरकून अक्का परवा माझ्याकडे आली. दार उघडलं आणि क्षणभर आरशात पाहतेय असं वाटलं. तेच गोल गाल, तीच मानेमागची गादी, मनगटांवर तेच जांभळे डाग. मी वर्षभर स्टेरॉइड घेते आहे. अक्का तर फक्त पुडी घेते.

पुडी उघडली. करड्या भुकटीत पांढरे बारीक कण. काल तिला घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेले. पहाटे निघालो, मंठा-जालन्यावरून. त्यांनी तिला नळीत जोरानं फुंकायला लावलं, स्पायरोमेट्री म्हणतात ती. दम्यात न मोडणारा, कायमच्या आकसलेल्या श्वासनळ्यांचा आजार निघाला, सीओपीडी. अक्कानं आयुष्यात विडी ओढलेली नाही. पण लग्न होऊन आली तेव्हापासून पऱ्हाट्या आणि तुराट्यांच्या चुलीपुढे बसली आहे. गॅसची टाकी आली ती चहापुरती. भाकरी अजून चुलीवर, कारण टाकी भरायला पैसे लागतात आणि पऱ्हाट्या बांधावर फुकट. पूर्वी पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी कितीतरी वर्षं हेच सांगत आले आहेत की सीओपीडी हा नुसता विडी-सिगारेटवाल्यांचा आजार नाही.

सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसॉल मोजलं. जवळजवळ नाहीच. म्हणजे तिच्या ग्रंथी कधीच्या झोपल्या आहेत. जडीबुटीनं त्या झोपत नाहीत. डॉक्टरांनी पुडी बंद केली आणि त्याच दिवसापासून प्रेडनिसोलोनची गोळी चालू केली, मोजून, उतरत्या क्रमानं, तारखा लिहून. सोबत पंप.

अक्का गाडीत गप्प होती. मग म्हणाली, "पुडीत तेच व्हतं आन् गोळीतबी तेच. मंग पुडीनं काय पाप केलं?"

मी म्हटलं, "अक्के, गोळीवर लिहिलंय आत काय आणि किती आहे. पुडीत किती होतं ते तुला नाही माहीत, मला नाही, देणाऱ्यालाही नाही. तो एखाद्या बाजाराला आलाच नसता तर तू त्या आठवड्यात गेली असतीस, आणि लोक म्हणाले असते दम्यानं गेली."

पंपाला ती तयार नव्हती. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा टप्पा, हे तिच्या वाडीत सगळेच म्हणतात. रात्री कंदिलाशेजारी बसून हिशेब मांडून दाखवला. पंपाच्या एका झुरक्यात स्टेरॉइड 200 मायक्रोग्रॅम. हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम. म्हणजे नुसत्या वजनानं दहा मिलिग्रॅमच्या एका गोळीत पन्नास झुरके. गोळी सगळ्या अंगातून फिरते, झुरका बहुतेक छातीतच काम करतो. घेतल्यावर चूळ भरून थुंकायचं, म्हणजे तोंड येत नाही. हिशेब अक्काला पटला. तिला शाळा मिळाली नाही, पण बाजारहाटाचा हिशेब तोंडी करते ती. आज सकाळी तिनं पहिला झुरका घेतला, चूळ भरली, आणि मला विचारलं, "पन्नास?" मी म्हटलं, पन्नास.

बुधवार, 20 नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. याच दिवशी जागतिक सीओपीडी दिन आला आहे, आणि या वर्षीचं त्यांचं सांगणं आहे : आपल्या फुफ्फुसांची ताकद जाणून घ्या.

शाळेच्या ओट्यावर रांग होती. पोरांनी खुर्ची दिली. पुढे-मागे माझ्याच वयाच्या बाया. त्यांच्यापैकी किती जणी चार वाक्यं बोलताना मध्ये थांबून श्वास घेतात, हे आता मला ऐकू येतं. पूर्वी मी त्याला म्हातारपण समजत असे. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा अठरा टक्के, पण श्वसनाच्या जुनाट आजारांचं जगातलं बत्तीस टक्के ओझं आपल्यावर आहे, असं 2018 मध्ये लॅन्सेटच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानं मांडलं. त्या बत्तीस टक्क्यांतल्या काही जणी आज माझ्यासोबत रांगेत होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींनी कधी नळीत फुंकलेलं नाही. फुंकायचं ते यंत्र जॉन हचिन्सन यांनी 1846 मध्येच जगापुढे मांडलं. आज ते ओंजळीत मावतं. गावोगावी रक्तदाब मोजण्याचं यंत्र पोचलं, साखर मोजण्याचं पोचलं. आता हेही प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचलं पाहिजे, आणि ते वापरायला शिकलेलं एक माणूस तिथं असलं पाहिजे. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी या वेळी हेच मागितलं.

अक्काचा फोन झाला. गोळी साडेसातवर आली, चेहरा थोडा उतरला. माझ्या पाकिटातल्यासारखाच कागद तिनंही पाकिटात ठेवला आहे : मी स्टेरॉइड घेते, एकाएकी बंद करू नये. वाचता येत नाही, पण कोणता कागद दाखवायचा ते तिला ठाऊक आहे. आशाताईनं तसेच कागद आपल्या यादीतल्या सगळ्यांना लिहून दिले.

तुमच्या घरात दमेकरी असेल आणि तो कसलीही पुडी घेत असेल, तर या आठवड्यातच त्याला पुडीसकट डॉक्टरांकडे न्या. तोवर ती आपल्या मनानं बंद करू नका.